वाफेच्या इंजिनाचें उत्तरायुष्य

आगगाडीचें वाफेचें इंजिन जन्मलें ब्रिटनमध्यें. परंतु त्याच्या उत्तरायुष्याचा मोठा भाग चीनमध्यें गेला. भारतांत चित्तरंजनच्या कारखान्यानें अशीं इंजिनें बांधणें १९७२ सालीं थांबविलें. चीनमधील दातुंगच्या कारखान्यांतून मात्र ‘च्येनचिन’, म्हणजे ‘पुढें चला’, या नांवाचीं अजस्र इंजिनें १९८८ सालापर्यंत बाहेर पडत होतीं. कोळसा विपुल, मजुरी स्वल्प आणि इंजिनें घरचीं, असा हा सरळ हिशेब होता.

१९९५ मध्यें अंतर्मंगोलियांत चीनिंग ते तुंगल्याओ हा सुमारें ९४५ किलोमीटरांचा नवा लोहमार्ग सुरू झाला. नव्या मार्गावर धावूं लागलीं तीं मात्र मुख्य रेल्वेनें काढून टाकलेलीं हींच जुनीं इंजिनें! चिंगपंगच्या घाटांत मालगाडीस बहुधा दोन इंजिनें जुंपीत. हिवाळ्यांत तेथें पारा शून्याच्या पुष्कळ खालीं उतरतो. त्या थंडींत वाफेचे शुभ्र लोट आकाशांत उसळत. तें दृश्य टिपण्यासाठीं देशोदेशींचे छायाचित्रकार बर्फांत तिष्ठत उभे राहत.

२००५ च्या डिसेंबरांत या मार्गावरील वाफेची नियमित वाहतूक संपली व डिझेलचें राज्य आलें. कोळशाच्या खाणींतून इतर जातींचीं इंजिनें त्यानंतरही कांहीं वर्षें राबलीं.

छायाचित्रांत धूर मोठा सुंदर दिसतो. चालकाच्या डोळ्यांत जाणारी काजळी, समोरची धग आणि पाठीमागचा गारठा त्यांत उमटत नाहीं. ज्यास पाहुणे युगान्त म्हणत, तें कामगारांचें रोजचें काम होतें. इतिहासानें चित्राबरोबर त्या श्रमांचीही नोंद ठेविली पाहिजे.