मौद्याच्या हमरस्त्यावरील जुनी मोटार आणि प्राणवायू-संवेदकाची साक्ष

नागपूर जिल्ह्यातील मौदा हे तालुक्याचे गाव कन्हान नदीच्या काठी, नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. हाच रस्ता पश्चिमेस सुरतेला व पूर्वेस कोलकात्याला जोडतो. पूर्वी त्यास राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत. २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर तो क्रमांक ५३ झाला. भाताची शेती, औष्णिक विद्युत केंद्र आणि हा रस्ता यांमुळे येथे नाना ठिकाणच्या, नाना वयांच्या मोटारी येतात. अशा रस्त्यावरील मिस्त्रीपुढे नेहमी येणारा प्रश्न प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. दहा-पंधरा वर्षांची पेट्रोल मोटार स्लोवर थरथरते, चढावर मिस मारते, समोरच्या फलकावरील पिवळा दिवा विझत नाही. वाचनयंत्र जोडले की एक संकेतांक उमटतो. त्याच्या अर्थात ‘ऑक्सिजन सेन्सर’ हे शब्द असतात, किंवा ‘मिश्रण विरळ’ एवढेच असते. मालक काही हजार रुपयांचा नवा सेन्सर घेतो, आणि पुष्कळदा मोटार पूर्वीसारखीच थरथरत राहते. ही चूक केवळ मिस्त्रीच्या अज्ञानातून होते असे मानणे अन्यायाचे होईल. तिचे मूळ या उपकरणाच्या इतिहासात आहे.

कार्ब्युरेटरच्या काळी मिश्रणाची पारख मिस्त्रीच्या इंद्रियांवर अवलंबून होती. प्लग काढून पाहावा. टोकावर काजळी असेल तर पेट्रोल जास्त, टोक पांढरेफटक असेल तर हवा जास्त, तपकिरी असेल तर ठीक. स्लोचा स्क्रू फिरवीत कानाने इंजिनाची लय धरावी. वैदर्भीय उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपाशी गेला की नळीतच पेट्रोलची वाफ होई; तेव्हा पंपावर ओले फडके ठेवणे हा सर्वमान्य उपाय होता. हे ज्ञान गुरुशिष्य-परंपरेचे, अलिखित, परंतु खरे ज्ञान होते. त्याची मर्यादा एवढीच, की प्लगचा रंग मागील काही मैलांची सरासरी सांगतो, या क्षणाची स्थिती सांगत नाही.

ती क्षणाची स्थिती सांगणाऱ्या उपकरणाचे शास्त्र बरेच जुने आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट याने १८८९ मध्ये विद्युत्-घटातील विभव आणि द्रव्यांची संहती यांचा संबंध सूत्रबद्ध केला. तापलेले झिर्कोनियम ऑक्साइड वीज वाहून नेते, हेही त्याच्याच दिव्यावरील प्रयोगांतून पुढे आले. बॉश कंपनीने १९७६ मध्ये या तत्त्वावरील संवेदक मोटारीसाठी बाजारात आणला व तो प्रथम अमेरिकेत जाणाऱ्या व्होल्वो मोटारींत बसला. त्याच्या एका अंगास बाहेरची हवा, दुसऱ्या अंगास धूर. दोहोंतील प्राणवायूच्या तफावतीनुसार वीजदाब निर्माण होतो. दाट मिश्रणास सुमारे ०.९ व्होल्ट, विरळ मिश्रणास सुमारे ०.१ व्होल्ट, आणि पेट्रोलच्या एका भागास हवेचे १४.७ भाग या समतोलापाशी दाब एकदम उडी घेतो. त्यासाठी संवेदक ३०० अंशांहून अधिक तापावा लागतो. म्हणून पुढे त्यात तापक बसविण्यात आला.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे उपकरण इंजिनातील दोष शोधण्यासाठी जन्मास आले नाही. धुरातील तीन विषारी घटक एकाच वेळी शमविणारा उत्प्रेरक परिवर्तक त्या समतोलाच्या अरुंद पट्ट्यातच काम करतो. मिश्रण त्या पट्ट्यात ठेवणे हे संवेदकाचे काम. दोषसंकेतही त्याच हेतूने आले. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या सुमारास मोटारीने स्वतःची तपासणी करण्याचे बंधन घातले आणि १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींत संकेतांकांची समान पद्धती आली. ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रण विरळ, ‘पी ०१३१’ म्हणजे संवेदकाचा दाब खालचा, ‘पी ०१३५’ म्हणजे तापकाच्या मंडलात बिघाड, ‘पी ०३००’ म्हणजे अनेक सिलिंडरांत मिसिंग. कायद्यास हवे होते प्रदूषणाचे नियंत्रण. दुरुस्तीस त्याचा लाभ झाला तो आनुषंगिक होय.

भारतात हा कायदा प्रथम महानगरांत आला. १९८५ मधील एम. सी. मेहता यांच्या याचिकेपासून सर्वोच्च न्यायालयात दिल्लीच्या हवेचा प्रश्न धसास लागला. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक व त्यासाठी शिसेरहित पेट्रोल आले. शिसे हे परिवर्तक व संवेदक दोहोंचेही विष. परंतु देशभर शिसेरहित पेट्रोल झाले ते फेब्रुवारी २००० मध्ये. मधल्या काळात महानगराची मोटार दूरच्या प्रवासास निघाली म्हणजे टाकीत काय पडते यावर तिच्या संवेदकाचे आयुष्य ठरे. पुढे भारत स्टेज चारचे मान २०१० मध्ये निवडक शहरांतच लागू झाले. महाराष्ट्रातील मुंबई, पुणे व सोलापूर त्या पहिल्या यादीत होती, नागपूर नव्हते. देशभर ते मान १ एप्रिल २०१७ रोजी आले. त्याच मानाशी मोटारीच्या स्वयंतपासणीचे बंधन जोडलेले होते: पहिला टप्पा २०१० चा, दुसरा २०१३ चा.

परिणामी २०११ साली सोलापुरात नोंदलेली मोटार आणि नागपूर ग्रामीणच्या ‘एमएच ४०’ क्रमांकाने नोंदलेली त्याच नमुन्याची मोटार यांची यंत्रणा भिन्न असू शकते. पहिलीत समान पद्धतीचे संकेतांक कायद्याने बंधनकारक. दुसरीत संवेदक असला तरी संकेत कंपनीच्या स्वतःच्या भाषेत असू शकतो, किंवा पुष्कळ दोष अनुच्चारितच राहतात. मौद्याच्या रस्त्यावर या दोन्ही जाती एकाच मिस्त्रीपुढे येतात. म्हणून संकेतांक वाचण्यापूर्वी नोंदणीचे वर्ष व ठिकाण पाहणे हे निदानाचे पहिले पाऊल ठरते. कागदपत्राचा काळ न पाहता मजकूर वाचणारा अभ्यासक जशी चूक करतो, तशीच ही चूक आहे.

आता साक्षीचा प्रश्न. संवेदक पेट्रोल मोजीत नाही. तो केवळ धुरातील प्राणवायू ओळखतो. एका सिलिंडरात ठिणगी पडली नाही तर तेथील हवा न जळता बाहेर येते आणि संवेदक ‘विरळ’ असे सांगतो. नियंत्रक त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवितो. प्लग काळे पडतात, परिवर्तक तापतो, मूळ दोष तसाच राहतो. संवेदकाच्या अलीकडे धुराच्या नळीस चीर पडली, तर बाहेरची हवा आत जाऊन तीच साक्ष मिळते. इनटेकचे गॅस्केट किंवा व्हॅक्यूमची रबरी नळी फाटली तर मिश्रण खरोखरच विरळ होते. तीन कारणे, साक्ष एक. त्यात चौथे कारण संवेदक मेलेला असण्याचे. तोही खालच्या दाबावर अडकून ‘विरळ’च म्हणतो.

साक्षीदाराची उलटतपासणी मात्र सोपी आहे. इंजिन गरम करून इनटेकमध्ये थोडे जास्तीचे इंधन सोडावे. दाब ताबडतोब ०.४५ व्होल्टच्या वर गेला तर संवेदक जिवंत आहे आणि दोष अन्यत्र शोधावा; गेला नाही तर प्रथम तारा, मग तापकाचा फ्यूज, आणि शेवटी संवेदक. दोष स्लोवर जास्त व वेगात कमी होत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जात आहे असा संशय घ्यावा. भाराखाली वाढत असेल तर पेट्रोलचा फिल्टर व पंप पाहावा. पीयूसी केंद्रावरील वायुमापक हा दुसरा, स्वतंत्र साक्षीदार होय: हायड्रोकार्बन भरमसाट पण कार्बन मोनॉक्साइड कमी, ही मिसिंगची खूण. आणि काढलेल्या प्लगचा रंग अजूनही खोटे बोलत नाही. जुन्या मिस्त्रीचे शास्त्र येथे कालबाह्य झालेले नाही. त्याची साक्ष नव्या साक्षीशेजारी ठेवावी लागते, इतकेच.

अलीकडे या प्रकरणात एक नवी गुंतागुंत शिरली आहे. २०२३ पासून पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे मिश्रण विक्रीस आले. ते ऊस, मका व तांदूळ यांपासून होते. इथेनॉलच्या एका भागास हवेचे सुमारे ९ भागच पुरतात, म्हणून शुद्ध पेट्रोलच्या मानाने इंधन आठ-नऊ टक्के अधिक द्यावे लागते. संवेदक असलेली मोटार ही उणीव बहुधा आपोआप भरून काढते. परंतु आधीच फिल्टर तुंबलेला किंवा नळी फाटलेली असेल तर दुरुस्तीची कमाल मर्यादा ओलांडली जाऊन ‘पी ०१७१’ उमटतो. कार्ब्युरेटरच्या मोटारीस संवेदक नाही, संकेत नाही. ती नुसतीच विरळ चालते. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि २०११ ची ‘एमएच ४०’ मोटार नूतनीकरणाच्या तपासणीस उभी राहते तेव्हा तिच्या मालकास सेन्सर विकावा, की वीसपंचवीस रुपयांची रबरी नळी बदलून द्यावी, याचा निर्णय त्या थरथरणाऱ्या इंजिनापुढे उभ्या असलेल्या मिस्त्रीस करावा लागतो.