तळटीप १४ : स्नेकमेक

१४. स्नेकमेक : जनुकक्रमाच्या विश्लेषणात एका प्रोग्रॅमचे फलित पुढच्याला पुरवावे लागते. हे टप्पे सांभाळणारी ही मुक्त प्रणाली योहानेस क्योस्टर आणि स्वेन राहमान यांनी २०१२ मध्ये शोधनिबंधाद्वारे मांडली. नियम पायथॉनच्या धर्तीवर लिहायचे : कोणती फाइल लागते, कोणती तयार होते, आज्ञा कोणती. शेवटच्या फायलीपासून मागे मागे जात क्रम प्रणालीच ठरवते. नावातला ‘मेक’ हा स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये १९७६ साली लिहिलेल्या ‘मेक’चा, तर ‘स्नेक’ पायथॉनवरून. (पायथॉनचे नाव मात्र सापाचे नव्हे, ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमाचे!) तयार फायलींना हात न लावता राहिलेले किंवा मूळ फाइल बदलल्याने शिळे झालेले टप्पेच ती पुन्हा चालवते; रात्री वीज जाऊनही लेखकाचे सगळे काम वाया गेले नाही ते यामुळे. एकाच फोल्डरवर दोन जणांनी एकदम काम करू नये म्हणून ती फोल्डर बंद करून ठेवते. काम मध्येच तुटले तर हे बंधन तसेच राहते आणि वेगळी आज्ञा देऊन काढावे लागते. लेखकाने सकाळी उघडलेले ‘कुलूप’ ते हेच, प्रयोगशाळेच्या दाराचे नव्हे. – संपा.