जीभ बधिर झाली, मग पुढे?

आजचा एपिसोड माझ्याच एका मूर्खपणावरून सुचलाय. मांडीला खाज सुटली, म्हणून मी मेडिकलमधून लिडोकेनची ट्यूब आणली. लावली की थोड्या वेळात खाज गायब! पंधरा दिवस हेच चाललं. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "अरे, हा नायटा आहे. तू खाज दाबलीस आणि बुरशी पसरू दिलीस."

मग म्हटलं, ही बधिरता आली कुठून ते तरी बघू.

अँडीज पर्वतातले लोक कोकाची पानं पूर्वापार चघळतात. १८६० मध्ये जर्मनीत आल्बर्ट नीमान यांनी त्या पानांतून कोकेन वेगळं केलं. त्यानं जीभ बधिर होते, हेही लिहून ठेवलं. पण ऑपरेशनमध्ये त्याचा उपयोग रूढ व्हायला २४ वर्षं गेली!

१८८४, व्हिएन्ना. कार्ल कोलर हा तरुण डॉक्टर डोळा बधिर करणारं औषध शोधत होता. कोकेन चाखलेला एक सहकारी सहज म्हणाला, जीभ बधिर झाली. ते तर सगळ्यांना माहीत होतं. पण कोलरच्या डोक्यात प्रश्न आला: जीभ होते, तर डोळा का नाही? आधी बेडकाच्या डोळ्यावर प्रयोग, मग स्वतःच्या. टाचणीचं डोकं बुबुळाला लावलं, काही जाणवलं नाही! हायडेलबर्गच्या परिषदेला जायला त्याच्याकडे पैसे नव्हते. त्याचा निबंध दुसऱ्यानं वाचला.

पण कोकेनचं व्यसन लागतं. पर्यायांचा शोध सुरू झाला. स्टॉकहोममध्ये बार्लीतल्या एका रसायनावर काम करताना होल्गर एर्टमन यांनी त्याच्यासारखाच एक पदार्थ बनवला, चाखला, आणि परत तेच: जीभ बधिर! तो धागा धरून निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी १९४३ मध्ये लिडोकेन बनवलं. लुंडक्विस्टनं ते स्वतःवरच टोचून पाहिलं. १९४८ मध्ये ते बाजारात आलं.

हे औषध करतं काय? मज्जातंतूतली सोडियमची दारं बंद करतं. निरोप मेंदूपर्यंत पोचतच नाही. निरोप थांबतो, कारण तिथंच राहतं.

म्हणून डास चावला, किरकोळ भाजलं, तर थोडंसं लावा. अंगभर थापून वर प्लास्टिक गुंडाळू नका; जास्त औषध रक्तात गेलं तर जिवावर बेतू शकतं. आणि खाज परत परत येत असेल, तर कोलरसारखा पुढचा प्रश्न विचारा. मी विचारला नव्हता.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!