शाश्वत पाम तेल आणि गोव्यातील ग्राहक

शाश्वत पाम तेल : जंगल न तोडता, दलदलीची जमीन न सुकवता वा न जाळता आणि स्थानिक लोकांची जमीन न बळकावता पिकवलेल्या तेलताडाचे तेल. असे तेल वापरणाऱ्या कंपन्यांचा माल घेणे, न वापरणाऱ्यांना त्याबद्दल विचारणे आणि मुळात तेलाचा वापर आटोक्यात ठेवणे, या मार्गांनी सामान्य ग्राहक दूरच्या वन्यजीवांच्या अधिवासाचे रक्षण करू शकतो, ही या विषयामागची कल्पना. ती कितपत खरी आहे याचा विचार येथे मुख्यतः पेडणे आणि डिचोली या उत्तर गोव्यातील तालुक्यांच्या संदर्भात केला आहे.

तेलताड (एलिइस गिनीन्सिस) हा मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. १८४८ मध्ये जावा बेटावरील बोगोरच्या वनस्पती उद्यानात त्याची चार रोपे लावली गेली आणि आग्नेय आशियातील बागायतींचा विस्तार बऱ्याच अंशी त्यांच्या वंशावर झाला. फळाच्या गरापासून पाम तेल निघते, आतल्या बीपासून पाम कर्नेल तेल. गराच्या तेलाचा पातळ भाग म्हणजे किराणा दुकानात मिळणारे पामोलीन. घट्ट भाग म्हणजे स्टिअरीन, जे वनस्पती तुपात आणि साबणात जाते. हेक्टरी तीन ते चार टन तेल देणारे दुसरे पीक नाही. सोयाबीनचे तेल त्याच जमिनीत अर्ध्या टनाच्या आसपास निघते. जगातील चार-पंचमांशाहून अधिक पाम तेल इंडोनेशिया आणि मलेशिया हे दोन देश पिकवतात. भारत हा त्याचा सर्वांत मोठा आयातदार असून वर्षाला साधारण ८० ते १०० लाख टन तेल बाहेरून आणतो. २०२२ च्या एप्रिलअखेरीस इंडोनेशियाने काही आठवडे निर्यात थांबवली, तेव्हा येथील तेलाचे भावही भडकले.

ही बागायत वाढली ती सुमात्रा आणि बोर्निओ या बेटांवरील सखल जंगले व पीटची दलदल मोडून. ओरांगउटानच्या तिन्ही जाती याच दोन बेटांवर उरल्या आहेत. त्यांतील तापानुली ओरांगउटान ही वेगळी जात असल्याचे शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये सांगितले. सुमात्रा वाघ, सुमात्रा हत्ती आणि बोर्निओचा बुटका हत्ती यांचाही अधिवास तोच. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या तेलताड कृतिगटाने २०१८ च्या अहवालात धोक्यातील १९३ जातींवर या पिकाचा परिणाम होत असल्याचे नोंदवले. पण त्याच अहवालात असेही म्हटले होते की तेवढेच तेल दुसऱ्या तेलबियांतून काढायचे तर नऊपटीपर्यंत जमीन लागेल. म्हणून ‘पाम तेल नकोच’ ही घोषणा दिसते तितकी सोपी नाही, आणि बहुतेक निसर्गसंस्था तिच्याऐवजी ‘चांगले पाम तेल’ मागा असे सांगतात.

गोव्याच्या स्वयंपाकघरात मान खोबरेलाचा. कुळागरातला (माड-पोफळीच्या बागायतीतला) नारळ आणि घाण्यावर काढलेले तेल यांच्या जोरावर हुमण, तोंडाक ही कालवणे शिजत आली. तरी पाम तेल घरात शिरले, ते डब्यातून नव्हे तर पुड्यातून. बिस्किट, फरसाण, चिप्स, नूडल्स, चॉकलेट, आइस्क्रीम, अंगाचा साबण, शाम्पू, मेणबत्ती यांपैकी कशातही ते असू शकते. शिवाय गाड्यावरची भजी आणि हॉटेलातले तळण. सीमेपलीकडे महाराष्ट्रात तर शासनानेच ते वाटले : २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ म्हणून शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर यांच्यासोबत एक लिटर पामतेल दिले गेले. स्वस्त तेलाने गरिबाचा दिवाळीचा फराळ होतो, ही गोष्ट या विषयावर लिहिणारे शहरी लेखक सहसा विसरतात. ज्याच्यापुढे पर्यायच नाही, त्याच्या निवडीवर जंगलाचे ओझे टाकण्यात अर्थ नाही. प्रश्न ज्याला निवड आहे त्याचा.

डिचोलीचे नाव या साखळीत अनपेक्षित ठिकाणी येते. नेस्ले कंपनीचा नूडल्सचा कारखाना १९९७ पासून डिचोली तालुक्यात आहे. २०१५ मध्ये कंपनीच्या मॅगी नूडल्सवरील बंदी उठल्यावर देशात ज्या तीन कारखान्यांत उत्पादन प्रथम सुरू झाले, त्यांत नंजनगूड आणि मोगा यांच्या बरोबरीने डिचोलीही होते. मॅगीच्या वेष्टनावरील घटकांत मैद्यानंतर लगेच पाम तेल येते. याच कंपनीचा फोंडा तालुक्यातील उसगावचा कारखाना चॉकलेटचा आहे, आणि ग्राहकांच्या दबावाने पाम तेलाच्या व्यवहारात बदल झाल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण चॉकलेटचेच आहे. मार्च २०१० मध्ये ग्रीनपीस या संघटनेने नेस्लेच्या किटकॅट चॉकलेटवर एक चित्रफीत प्रसिद्ध केली : कचेरीतला माणूस किटकॅट उघडतो आणि त्याच्या हातात ओरांगउटानचे बोट येते. रोख होता सिनार मास या इंडोनेशियन समूहाकडून होणाऱ्या तेलखरेदीवर. कंपनीने स्वामित्वहक्काच्या तक्रारीवरून ती चित्रफीत यूट्यूबवरून काढायला लावली आणि त्यामुळेच ती अधिक पसरली. मेपर्यंत कंपनीने द फॉरेस्ट ट्रस्ट या संस्थेशी करार करून जंगलतोडीशी संबंधित तेल न घेण्याचे जाहीर केले. म्हणून सारे मिटले असे मात्र नाही. प्रगतीचा अहवाल वेळेवर न दिल्याबद्दल जून २०१८ मध्ये शाश्वत पाम तेल प्रमाणित करणाऱ्या आरएसपीओ या व्यासपीठाने नेस्लेचे सदस्यत्व स्थगित केले आणि त्याच वर्षी ते पुन्हा बहाल केले. ग्राहकांनी एकदा आवाज उठवला की काम संपत नाही, वचन पाळले जाते का हे वर्षानुवर्षे पाहावे लागते. त्या पाहण्यालाच बहुतेक लोक कंटाळतात.

आरएसपीओ म्हणजे राउंडटेबल ऑन सस्टेनेबल पाम ऑइल. बागायतदार, तेल शुद्ध करणारे, माल बनवणारे, बँका आणि निसर्गसंस्था यांना एकत्र आणणारे हे व्यासपीठ २००४ मध्ये औपचारिकपणे स्थापन झाले. कामाचे मुख्य केंद्र क्वालालंपूर. जगातील एकूण पाम तेलापैकी साधारण पाचवा हिस्सा त्याने प्रमाणित केलेला आहे. २०१८ च्या सुधारित निकषांत नवी जंगलतोड पूर्ण बंद आणि पीट जमिनीवर नवी लागवड नाही, असे कलम आले. छोट्या शेतकऱ्यांसाठी २०१९ मध्ये वेगळा, सुटसुटीत निकष झाला.

प्रमाणपत्राचे प्रकार मात्र ग्राहकाने नीट समजून घ्यावेत, कारण चिन्ह दिसले की सगळे तेल स्वच्छ असा समज करून घेणे सोपे असते. पहिल्या प्रकारात एकाच बागायतीचे तेल शेवटपर्यंत वेगळे ठेवतात. दुसऱ्यात प्रमाणित बागायतींची तेले एकमेकांत मिसळतात, पण अप्रमाणित तेलात नाही. तिसऱ्या, ‘मास बॅलन्स’ प्रकारात दोन्ही तेले एका टाकीत जातात. हिशोब तेवढा जुळवलेला असतो. चौथ्यात तेल कोणतेही असते, कंपनी फक्त प्रमाणित शेतकऱ्यांच्या नावे ‘क्रेडिट’ विकत घेते. तिसरा आणि चौथा प्रकार निरुपयोगी नाहीत, त्यांतून पैसा चांगल्या बागायतींकडेच जातो. पण ‘या पुड्यातले तेल जंगल तोडून आलेले नाही ना’ या प्रश्नाचे उत्तर त्यांत नसते. कडक टीकाकार तर सांगतात की प्रमाणित बागायतींतही आगी आणि तक्रारी आढळल्या आहेत, आणि तपासनीसाचे पैसे ज्याची तपासणी करायची तोच देतो. टीका बिनबुडाची नाही. तरीही प्रमाणपत्र नसलेल्या तेलाबाबत विचारायलाच कोणी नसते, आणि ग्राहकाच्या हाती दुसरे उपलब्ध साधनही थोडेच आहे.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा डिचोलीच्या आठवडी बाजारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला हे कळायचे कसे? भारतातील खाद्यपदार्थांवर असे चिन्ह क्वचितच दिसते. येथे वेष्टनावरील घटकसूची कामी येते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात आणि नुसते ‘वनस्पती तेल’ न लिहिता कोणते तेल ते सांगावे लागते. म्हणून ‘खाद्य वनस्पती तेल’ या शब्दांपुढे कंसात पाम तेल वा पामोलीन आढळते. मिश्र तेलाच्या पिशवीवर दोन्ही तेलांचे प्रमाण असते. कायद्याने त्यांपैकी कोणत्याही तेलाचे प्रमाण २० टक्क्यांहून कमी चालत नाही आणि असे मिश्र तेल सुटे विकता येत नाही. साबणावर ‘सोडियम पामेट’ आणि ‘सोडियम पाम कर्नेलेट’ ही नावे असली की त्यात पामतेल आले. यापुढचे काम कंपनीच्या संकेतस्थळावर : तिने तेल कोणत्या गिरण्यांचे याची यादी दिली आहे का, प्रमाणित तेलाचा वाटा वर्षागणिक वाढतो की तेवढाच राहतो, हे पाहायचे. ग्राहक सेवा क्रमांक प्रत्येक पुड्यावर छापलेला असतो आणि त्यावर वजनाची वा चवीची तक्रार करायची सवय आपल्याला आहे. तेलाचा उगम विचारायची नाही. ती लागली तर बदल लवकर होईल, असे या नोंदीच्या लेखकाला वाटते. भारतात या कामासाठी २०१८ मध्ये भारत शाश्वत पाम तेल आघाडी सुरू झाली. डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया आणि आरएसपीओ तिच्या स्थापकांत आहेत. युरोपीय संघाने २०२३ मध्ये जंगलतोडीतून आलेल्या मालाला बाजार बंद करणारा कायदा केला, पण त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली जात राहिली. भारतात तसा कायदा नाही.

ग्राहकाची खरी अडचण सुट्या तेलात आणि हॉटेलांत आहे. मोरजी, मांद्रे, हरमल या पेडण्याच्या किनाऱ्यावरील शॅक आणि उपाहारगृहे तेल डब्यांनी घेतात. गिऱ्हाईक ताटातला मासा पाहतो, डबा पाहत नाही. मोरजी आणि मांद्रे येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि किनाऱ्यावरचे दिवे कमी करण्यावरून तेथे वनखाते, पर्यटक आणि धंदेवाले यांच्यात आजवर बरेच काही घडले आहे. तेलाबद्दल तेवढी चर्चा झालेली नाही. एखादे मोठे हॉटेल ठराविक पुरवठादाराकडून मागते तेव्हा त्याचे वजन शेकडो घरांच्या निवडीएवढे असते. तळणाच्या तेलाबाबत एक नियम आधीच आहे : १ जुलै २०१८ पासून ‘एकूण ध्रुवीय संयुगे’ २५ टक्क्यांपेक्षा अधिक झालेले तेल वापरता येत नाही, आणि टाकाऊ तेल बायोडिझेलसाठी गोळा करण्याची अन्न सुरक्षा प्राधिकरणाची योजनाही त्याच वर्षीची आहे.

खोबरेलाकडे परतणे हा गोवेकरांना सुचणारा पहिला उपाय. कुळागरातल्या जुन्या माडांचे तेल असेल तर त्याला कोणी हरकत घेण्याचे कारण नाही, कारण नवे जंगल त्यासाठी तुटत नाही. पण जगभराच्या पातळीवर नारळही निष्पाप नाही. २०२० मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ नियतकालिकात आलेल्या एका लेखाने प्रतिटन तेलामागे नारळामुळे धोक्यात येणाऱ्या जाती पाम तेलापेक्षा अधिक असल्याचे मांडले आणि मोठा वाद झाला. नारळ बहुधा बेटांवर पिकतो आणि बेटांवरच्या जाती अन्यत्र कोठे नसतात, हे त्यामागचे कारण.

उलट्या बाजूनेही पाहायला हवे, कारण पाम तेल गोव्यातही पिकते. शासनाच्या तेलताड कार्यक्रमात गोव्याचा समावेश झालेला आहे आणि सत्तरी तालुक्यात वाळपईजवळ गोदरेज अॅग्रोव्हेटची तेलगिरणी आहे. घड काढल्यावर दिवस-दोन दिवसांत गिरणीत न गेल्यास तेल आंबट होते, त्यामुळे शेतकरी गिरणीला बांधलेला राहतो. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने ११,०४० कोटी रुपयांचे राष्ट्रीय खाद्यतेल-तेलताड अभियान मंजूर करून २०२५-२६ पर्यंत देशात साडेसहा लाख हेक्टर नवी लागवड करण्याचे लक्ष्य ठेवले. त्यावर वन्यजीव अभ्यासकांनी आक्षेप घेतले. मिझोराममध्ये जयदेव मंडल आणि टी. आर. शंकर रामन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फिरत्या शेतीतील पडीक रानांत तेलताडाच्या बागांपेक्षा जंगलपक्षी अधिक आढळले होते. रोज दीडशे-दोनशे लिटर पाणी पिणारे झाड उन्हाळ्यात कोठे लावायचे, हाही प्रश्न आहे. तिळारी धरणाच्या कालव्याचे पाणी डिचोली-पेडण्याला मिळते, तेव्हा ते भाताला, भाजीला की तेलताडाला, हे ठरवावे लागेल. मोकळी शेतजमीन वापरली तर फारसे बिघडणार नाही. जंगल किंवा कुळागर मोडले तर बिघडेल.

शिवाय पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांच्या आसपासचे रान आजवर पाम तेलाने बहुधा मोडलेच नाही. शेजारच्या महाराष्ट्रातील दोडामार्गात केरळहून आलेल्या बागायतदारांचे रबर आणि अननस, सर्वत्र काजू, डिचोलीत लोहखाणी आणि पेडण्यात मोपा येथील विमानतळ यांनी ते मोडले. सावंतवाडी-दोडामार्ग वन्यजीव मार्गातील वृक्षतोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंदी घातली. २०२० मध्ये महाराष्ट्राने तिळारीचे २९.५३ चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव जाहीर केले. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून दोडामार्गात उतरलेले हत्ती त्याच पट्ट्यात राहतात आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ‘ओंकार’ नावाने ओळखला जाणारा त्यांतला एक तरुण हत्ती पेडण्यात येऊन मोपा, तांबोसे परिसरातील शेतीत फिरला. साबणावरचे नाव वाचून या हत्तीला काही मिळत नाही. त्याच्यासाठी काजू-रबराची खरेदी, खाणपट्ट्याच्या सुनावणीतील हरकत आणि पंचायतीच्या ग्रामसभेतील जमीन-रूपांतराचा ठराव ही साधने अधिक जवळची आहेत.