फॉलिक ॲसिडची गोळी आणि मुंबईच्या आया

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी शाळेत भेटायला आली. पाचवा महिना, चेहरा पांढराफटक, जिना चढून धाप लागलेली. “गोळ्या घेतेस ना?” मी विचारलं. म्हणाली, “नाही मॅडम. सासू म्हणतात, त्याने गरमी होते.”

मी तिला त्या गोळीचा इतिहास सांगितला. तो आपल्या मुंबईतच सुरू होतो.

1928 साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गरोदर बायकांना इतका गंभीर रक्तक्षय का होतो, हे तिला शोधायचं होतं. हाफकिन संस्थेत राहून तिने वेगवेगळ्या समाजांतल्या बायका काय खातात, याची चौकशी केली. गरीब मुसलमान बायकांचं जेवण सर्वांत निकस होतं आणि हा आजारही त्यांच्यातच सर्वाधिक होता. कारण मजहब नव्हे, रिकामं ताट होतं.

यकृताचा अर्क महाग, म्हणून तिने मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क देऊन पाहिला. बायका बऱ्या होऊ लागल्या. 1931 मध्ये तिने हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलं. पुढे 1941 मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक घटक वेगळा काढला गेला. त्याला नाव मिळालं फॉलिक ॲसिड. लॅटिनमध्ये ‘फोलियम’ म्हणजे पान. मार्माइटमधलं औषध हेच होतं. 1991 मध्ये आणखी एक गोष्ट सिद्ध झाली: गर्भ राहण्याआधीपासून ते घेतलं, तर बाळाच्या मणक्यातले जन्मजात दोष बरेच टळतात.

आज सरकारी केंद्रात चौथ्या महिन्यापासून लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी रोज, किमान 180 दिवस, मोफत मिळते. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52 टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला.

ज्या बायकांमुळे जगाला हे औषध सापडलं, त्यांची नावं मला कुठे वाचायला मिळाली नाहीत. त्यांच्या नाती-पणती आजही सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलंसुरलं खातात. डाळ, हरभरे, पालेभाजी, अंडं काही महाग नाही. फक्त गरोदर सुनेचं ताट आधी वाढायला हवं.

विद्यार्थिनी जाताना म्हणाली, “मॅडम, हे अम्मींना तुम्हीच येऊन सांगा.”

येत्या रविवारी जाणार आहे.