धूम्रपानबंदी आणि लोकमत

लोकमत हा शब्द आपण फार सैलपणें वापरतों. अमुक गोष्टीस लोकमताचा पाठिंबा आहे असें सांगणारा बहुधा आपल्या बैठकींतील चार मित्रांचें मत सांगत असतो, आणि लोकमत विरुद्ध आहे म्हणणाऱ्याचा आधार पुष्कळदां एखाद्या मोठ्या आवाजाच्या गृहस्थापलीकडे जात नाहीं. युरोपांतील पानगृहांत व उपाहारगृहांत धूम्रपान बंद करण्याविषयीं या शतकाच्या आरंभीं जो वाद माजला, त्याचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. तेथें लोकमत वारंवार मोजलें गेलें, एके ठिकाणीं तर तें मतपेटींतूनच बाहेर आलें. आणि तरीहि तें ओळखण्यांत मुरलेले मुत्सद्दी चुकले.

एकाच्या धुराचा दुसऱ्यास त्रास होतो ही जाणीव जुनीच आहे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानें १६०४ सालीं तंबाखूविरुद्ध एक पुस्तिका लिहिली. तींत नवऱ्याच्या धुराच्या दुर्गंधींत जन्म काढणाऱ्या पत्नीचा कैवार घेतलेला आढळतो. त्याच वर्षीं त्यानें तंबाखूवरील जकात पौंडामागें दोन पेन्सांवरून सहा शिलिंग दहा पेन्सांवर नेली. प्रजेनें पुस्तिकाहि मनावर घेतली नाहीं आणि जकातहि. पुढें व्हर्जिनियाच्या तंबाखूपासून उत्पन्न येऊं लागलें, तेव्हां राजाच्या खजिन्यासहि तो वास गोड लागूं लागला! त्या पत्नीची बाजू शास्त्रानें घेण्यास पावणेचारशें वर्षें लागलीं. १९८१ मध्यें जपानी संशोधक हिरायामा यांनीं दाखविलें कीं, स्वतः धूम्रपान न करणाऱ्या, परंतु ज्यांचे पति तें फार करतात अशा स्त्रियांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचें प्रमाण अधिक असतें. ब्रिटनमध्यें १९९४ सालीं रॉय कॅसल हा लोकप्रिय नट व ट्रंपेटवादक याच रोगानें वारला. तो धूम्रपान करीत नसे. धुरानें भरलेल्या क्लबांत वर्षानुवर्षें ट्रंपेट वाजविल्याचें हें फळ आहे असें तो स्वतःच म्हणे. आतां पत्नीच्या शेजारीं आणखी एक मनुष्य येऊन उभा राहिला होता : पोटासाठीं धुरांत उभा राहणारा.

आयर्लंडनें नेमका हाच मनुष्य पुढें केला. तेथील पब म्हणजे नुसता गुत्ता नव्हे. आपल्याकडे गांवच्या पाराचें जें स्थान तेंच त्याचें. अशा जागीं २९ मार्च २००४ पासून कोणीं सिगारेट ओढूं नये, असा नियम आरोग्यमंत्री मीहॉल मार्टिन यांनीं केला, तेव्हां पबमालकांनीं मोठाच गहजब केला. परंतु कायदा गिऱ्हाइकास उद्देशून नव्हताच. पब हें कांहीं लोकांचें कामाचें ठिकाण आहे, आणि गिरणीच्या मजुराइतकाच पेले भरणाऱ्या नोकरासहि स्वच्छ हवेचा हक्क आहे, एवढेंच तो म्हणत होता. गिऱ्हाइकाच्या सुखाविषयींचा प्रश्न अशा रीतीनें नोकराच्या फुफ्फुसाविषयींचा झाला.

याचा परिणाम काय झाला? बंदीपूर्वीं आयर्लंडांतील धूम्रपान करणाऱ्यांस विचारलें असतां, पबमध्यें संपूर्ण बंदी असावी असें म्हणणारे शेंकडा १३ भरले. बंदीनंतर तेच शेंकडा ४६ झाले. उपाहारगृहांच्या बाबतींत हें प्रमाण ४५ वरून ७७ वर गेलें. त्याहून मौजेची गोष्ट अशी कीं, हा कायदा एकंदरींत चांगलाच झाला असें म्हणणारे त्यांच्यांत शेंकडा ८३ होते. म्हणजे पबमधील संपूर्ण बंदी मान्य नाहीं, पण ती झाली हें बरें झालें, असें म्हणणारे लोकहि पुष्कळ होते! यांत ढोंग आहे असें आम्हांस वाटत नाहीं. जी गोष्ट सोडण्याचें आपल्या हातून होत नाहीं, ती दुसऱ्या कोणीं सोडावयास लाविली तर पुष्कळांस मनांतून हायसें वाटतें.

इंग्लंडांत मात्र सरकारनें लोकमताचा आंकडा हातीं धरून पाऊल टाकावयाचें ठरविलें. २००३ च्या पाहणींत पबमध्यें कोठेंहि धूम्रपान नको म्हणणारे सुमारें एकपंचमांश निघाले; बहुतेकांस निम्माशिम्मा तोडगा हवा होता. गरिबांस सुखें तीं किती, त्यांतलें हेंहि कां काढून घ्यावें, असा सूर आरोग्यमंत्री जॉन रीड यांनीं २००४ मध्यें लावला. हें म्हणणें अगदींच पोकळ होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु पेले धुणारी बाईहि गरीबच असते. २००५ च्या निवडणुकींत मजूरपक्षानें जो जाहीरनामा काढला, त्यांत जेवण न मिळणारे पब बंदींतून वगळण्याचें वचन होतें. असले पब गरीब वस्त्यांतच अधिक, तेव्हां जेथें रोग जास्त तेथेंच धूर राहावा असा तो न्याय होता. अखेर १४ फेब्रुवारी २००६ रोजीं सभासदांस पक्षाज्ञेंतून मोकळें करण्यांत आलें आणि ३८४ विरुद्ध १८४ मतांनीं सरसकट बंदी मंजूर झाली. १ जुलै २००७ पासून ती अंमलांत आली.

निम्म्या तोडग्याचा अनुभव आपल्या देशानेंहि घेतला आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनीं तीस अगर अधिक आसनांच्या उपाहारगृहांस धूम्रपानाची निराळी खोली ठेवण्याची मुभा दिली. पण त्या खोलींत चहाचा ट्रे घेऊन पोऱ्यास जावेंच लागे! त्या खोलींत कोणतीहि सेवा देऊं नये, हा नियम २०१७ मध्यें झाला.

सर्वांत बोधप्रद हकीकत जर्मनींतील बव्हेरियाची आहे. बिअरच्या या माहेरघरीं १ जानेवारी २००८ रोजीं त्या देशांतील सर्वांत कडक बंदी आली. पबवाल्यांनीं लागलीच पळवाट शोधली. खासगी मंडळांस कायदा लागू नव्हता. म्हणून पबाचें मंडळ झालें आणि गिऱ्हाइकाच्या हातीं सभासदत्वाचें कार्ड आलें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत निवडणूक होऊन, शेंचाळीस वर्षें प्रांतिक विधिमंडळांत निर्विवाद बहुमत भोगणाऱ्या ख्रिश्चन सोशल युनियनचें बहुमत गेलें. पराभवाचीं कारणें अनेक होतीं, पण पुढाऱ्यांची नजर राखेच्या बशीवर खिळली. ऑगस्ट २००९ पासून कायदा सैल करून लहान पबांस व निराळ्या खोल्यांस सूट देण्यांत आली. लोकांस हेंच हवें आहे अशी त्यांची खात्री होती.

तेव्हां एका लहानशा पर्यावरणवादी पक्षानें कडक कायद्यासाठीं जनतेच्या सह्या मागितल्या. चौदा दिवसांत दहा टक्के मतदारांच्या सह्या पुरेशा होत्या. मिळाल्या १३·९ टक्के. ४ जुलै २०१० रोजीं प्रत्यक्ष सार्वमत झालें आणि शेंकडा ६१ मतें बंदीच्या बाजूनें पडलीं. खोल्या, लहान पब, मंडळें, साऱ्या सवलती एका दिवसांत गेल्या. मतदान शेंकडा ३७·७ च झालें होतें हें सांगावयास हवें. म्हणजे सर्व मतदार धरले तर होकार शंभरांत तेवीसांचा. घरीं बसलेल्या बासष्टांचें मत कोणतें समजावें? आमच्या मतें, ज्यास सिगारेटवांचून बिअर गोड लागत नव्हती तो त्या रविवारीं घरीं बसला नसावा.

इंग्लंडांत २०२४ च्या ऑगस्टांत पबांच्या अंगणांतहि धूम्रपान बंद करण्याचा बेत फुटला. मतचांचण्यांत अनुकूल लोकच अधिक भरले. परंतु उघड्या अंगणांतील धुरानें नोकराचें कितीसें बिघडतें याचा पुरावा आंतल्या धुराइतका बळकट नव्हता, आणि पबमालकांचा आवाज पूर्वींइतकाच मोठा होता. नोव्हेंबरांत विधेयक मांडलें गेलें, तेव्हां त्यांतून पबांचीं अंगणें वगळलेलीं होतीं.