मेलेल्या भावाचे कपडे

टेरी प्रॅचेट वाचताना नेहमी असं होतं. विनोदाला हसून आपण पान उलटतो आणि दोन दिवसांनी लक्षात येतं, अरे, तिथे आणखी काहीतरी होतं की!

'मॉन्स्ट्रस रेजिमेंट' (२००३) ही त्याच्या डिस्कवर्ल्ड मालिकेतली कादंबरी. नावच मुळी उसनं. जॉन नॉक्स या स्कॉटिश धर्मसुधारकाने १५५८ साली राज्य करणाऱ्या बायकांविरुद्ध एक जळजळीत पुस्तिका लिहिली, तिच्या नावातले हे दोन शब्द. तिथे 'रेजिमेंट'चा अर्थ होता राज्यकारभार. प्रॅचेटने शब्द घेतले आणि खरोखरची पलटण उभी केली.

पण मला बोलायचंय ते नायिकेच्या नावाबद्दल. पॉली पर्क्स केस कापते, पुरुषी कपडे चढवते आणि भरती होताना नाव सांगते, ऑलिव्हर. इंग्रजी लोकगीतं ऐकणाऱ्यांना इथे 'स्वीट पॉली ऑलिव्हर' आठवणारच. (बेंजामिन ब्रिटनने त्याला पियानोची साथ लिहिली आहे, जरूर ऐका.) गाण्यातली पॉली प्रियकरामागे सैन्यात जाते, आजारी कॅप्टनची शुश्रूषा करते, तो बरा होतो, दोघांचं लग्न होतं. संपलं गाणं.

त्यात एक बारीकसा तपशील आहे. वेषांतरासाठी ती आपल्या मेलेल्या भावाचे कपडे घालते. हा भाऊ कोण, कशाने गेला, काही कळत नाही. बिचारा कपड्यांपुरता येतो.

मला वाटतं, प्रॅचेटने नेमकं तिथेच बोट ठेवलंय. त्याची पॉली निघते तीच मुळी भावासाठी. पॉल युद्धावर गेलाय, परतला नाही, त्याला शोधायला. शिवाय व्यवहारही आहे. तिच्या देशात बाईच्या नावावर मालमत्ता ठेवता येत नाही. भाऊ मिळाला नाही तर घरची सराई हातची जाणार. म्हणजे माया आणि पोट, दोन्ही.

अशा बायका खरंच होऊन गेल्या. हॅना स्नेलचंच बघा. जन्म १७२३, गाव वुस्टर. नवरा सोडून गेला, तान्ही मुलगी दगावली. मेहुण्याचे कपडे आणि त्याचंच नाव, जेम्स ग्रे, घेऊन ती सैन्यात शिरली. आणि पोचली कुठे? तर आपल्या पाँडिचेरीला! १७४८ साली बॉस्कॉवेनच्या आरमाराने फ्रेंचांच्या त्या शहराला वेढा घातला, त्यात ती लढली आणि जखमी झाली. १७५० मध्ये इंग्लंडला परतल्यावर तिने खरं काय ते सांगून टाकलं. त्याच वर्षी 'द फीमेल सोल्जर' नावाने तिची कहाणी छापली गेली. गणवेश घालून ती रंगमंचावर कवायतीही करून दाखवू लागली.

त्या पुस्तकात कारण दिलंय की ती पळालेल्या नवऱ्याला शोधायला गेली. असेलही. पण लेकरू गेलेलं, घर मोडलेलं, अशा बाईला पगार आणि दोन वेळचं जेवण हे कारण पुरेसं नाही का? 'नवऱ्यासाठी गेली' म्हटलं की वाचणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. बाई आज ना उद्या घरी येणार. गाण्यातही तेच, लग्न लागलं की गणवेश उतरला.

हॅनाने मात्र पेन्शन मागितलं आणि मिळवलंही, चेल्सीच्या रॉयल हॉस्पिटलकडून, लढाईतल्या जखमांबद्दल. पेन्शन मिळतं ते शिपायाला. तिथे प्रेमकहाणी कोण विचारतो? १७९२ मध्ये ती वारली, तेव्हा तिला पुरलंही त्याच हॉस्पिटलच्या आवारात, जुन्या सैनिकांच्या सोबतीने.

म्हणूनच मला प्रॅचेटची पॉली गाण्यातल्या पॉलीपेक्षा इतिहासाच्या जास्त जवळची वाटते.

असो. पुस्तक मिळालं तर सोडू नका. त्या पलटणीत कोण कोण निघतं, ते मात्र मी सांगणार नाही!